पहिला फेर घरच्या माणसाचा

कपाटाची नवी किल्ली घासून झाली की मी तोंड भिंतीकडं करून बसायचो आणि हात मागं करून ती घरच्या बाईला द्यायचो. किल्लीचा पहिला फेर तिनं द्यायचा. दार तिनं उघडायचं, आत हात घालून तिनं बघायचं आणि ‘सगळं हाय’ असं मोठ्यानं म्हणायचं. मग मी कानस, पक्कड पिशवीत टाकून उठायचो. लोकांना याची गंमत वाटायची. बारामतीतल्या एका बाईंनी तर विचारलं होतं, “काय हो, आमच्या साड्यांना लाजता की काय?” लाजत नव्हतो. ही माझ्या उस्तादांनी घालून दिलेली रीत. उस्ताद इंदापूरच्या बाजारात बसायचे, सगळा बाजार त्यांना चाचा म्हणायचा. ते सांगायचे, “बेटा, आपुन किल्ली करायची. दार उघडायचं काम आपलं न्हाय. ज्याचं दार त्यानं उघडावं.”

या अंकाच्या संपादकांचं म्हणणं असं, की किल्लीवाला घरी बोलावताना फसवणूक कशी टाळावी यावर लोकांच्या उपयोगाचं काही लिहा. लिहितो. पण आधीच सांगून ठेवतो, त्याचा उपयोग होईल असं मला वाटत नाही. हे सगळं मी त्या काळी टपरीवर येणाऱ्या प्रत्येकाला तोंडी सांगत होतो. लोक मान हलवायचे, ‘बरं झालं सांगितलंत’ म्हणायचे आणि घरी जाऊन त्यांना करायचं तेच करायचे. जिथं माझं ऐकलं गेलं, तिथं काय झालं तेही सांगणार आहे. ते बघून मला कधी आनंद झाला नाही.

माझी बैठक बारामतीत एसटी स्टँडच्या भिंतीला लागून. एक लाकडी खोका, वर ताडपत्री आणि दोरीला टांगलेली हातभर लांब पत्र्याची किल्ली. बाजारच्या दिवशी इंदापूरला जायचो. तसं आमच्या घराण्याचं आणि कुलपाचं काही नातं नव्हतं. आजोबांपर्यंत मेंढरं होती. रानात मुक्काम, मेंढरांभोवती जाळी, राखणीला कुत्री. कुलूप लावायचं तर आधी दार पाहिजे. ते आलं वडील एका जागी राहून शेती करायला लागले तेव्हा. त्या दाराचं कुलूप मी लहानपणी खिळा घालून उघडलं आणि वडिलांनी मला बदडून काढलं. तिथून माझ्या शिक्षणाला सुरुवात झाली म्हणायची.

नव्वदच्या पुढं आमच्या भागात घरोघर लोखंडी कपाटं आली. कालव्याचं पाणी होतं, ऊस होता, शिवाय बारामतीच्या कडेकडेनं कारखाने उभे राहायला लागले, प्लॉट पडायला लागले. लग्नात लेकीला कपाट द्यायची चालच पडली. कपाट आलं म्हणजे किल्ली आली, आणि किल्ली आली म्हणजे ती हरवणार. माझं बरं चाललं होतं, खोटं कशाला बोलू.

सांगवीचे एक गृहस्थ एकदा ‘किल्ली करून द्या’ म्हणून आले. मी म्हणालो, “तुमच्या तोंडाकडं बघून किल्ली कशी करू? कुलूप बघाय लागतं.” बरं म्हणाले आणि गेले. दुपारी स्टँडसमोर ट्रॅक्टर उभा. ट्रॉलीत दोरखंडानं बांधलेलं कपाट आणि कपाटाला पाठ लावून बसलेली त्यांची आई. “बघा आता कुलूप, तात्या,” गृहस्थ म्हणाले. म्हातारी काही खाली उतरायला तयार होईना. मग मीच ट्रॉलीत चढलो, भर उन्हात किल्ली केली आणि तिच्या हातात दिली. तिनं दार बोटभर उघडलं, आत नाक घातलं आणि ओरडली, “हाय गं बया सगळं!” स्टँडवरचे लोक हसत होते, कंडक्टर गाडी सोडून बघायला आले होते. पण माझ्या उभ्या आयुष्यात भेटलेलं सगळ्यात शहाणं गिऱ्हाईक तीच. कपाट सोडून ती तसूभर हलली नाही.

थोडं कामाचं सांगतो. कुलूप आपणहून फारसं बिघडत नाही. लोक त्यात खोबरेल घालतात, थंडीत ते थिजतं, वर धूळ बसते आणि किल्ली अडते. कुलपात तेल घालूच नये. पोरांच्या शिसपेन्सिलीचं टोक घासून त्याची पूड आत फुंकावी, कुलूप पुन्हा नरम फिरायला लागतं. त्यामुळं बघताक्षणी ‘कुलूप कामातनं गेलं, तोडाय लागंल, नवं बसवा’ म्हणणाऱ्या माणसाला दारातूनच परत पाठवावं. त्याला एकतर किल्ली करता येत नाही, नाहीतर पिशवीतलं कुलूप खपवायचं असतं.

आता हरवलेली किल्ली नव्यानं कशी करतात ते. कोरी किल्ली दिव्याच्या ज्योतीवर धरून काळी करायची आणि कुलपात घालून हलकी फिरवायची. कुलपाच्या आतल्या पट्ट्या जिथं लागतात तिथली काजळी पुसली जाते. तिथं कानस मारायची. परत काळी करायची, परत घालायची. असं करत करत किल्ली बसते. या कामाला रॉकेलची एवढीशी चिमणी पुरते, आणि ती माझ्याच गुडघ्याशी ठेवलेली असते. तिच्यासाठी कुणाला उठावं लागत नाही.

बंद घराचं कुलूप असेल तर शेजाऱ्याला बोलावल्याशिवाय हात लावायचा नाही, ही चाचांची दुसरी रीत. इंदापुरात एक पांढऱ्या स्वच्छ कपड्यातला माणूस मला असाच घेऊन गेला. “माझंच घर हाय, किल्ली पुण्याला इसरली.” मी म्हणालो, शेजारच्या कुणाला तरी हाक मारा. तो खवळला. “माझ्या घरात शिराय शेजाऱ्याची परवानगी घिऊ व्हय?” मी पायरीवर बसून राहिलो. शेवटी शेजारीण आपणच बाहेर आली आणि म्हणाली, “अगंबाई, भाऊजी, थोरल्या दादांचं घर कशाला उघडताय?” थोरला दवाखान्यात पडलेला, आणि धाकटा मोका साधून आलेला. परत येताना एसटीत मला माझ्या रितीचा फार गर्व वाटत होता. अशी रीत पाळणाऱ्याच्या गिऱ्हाइकाला कोण फसवणार, असं वाटत होतं.

त्याच सुमारास आमच्याकडं ती नवी माणसं दिसायला लागली. सायकलच्या हँडलला किल्ल्यांचा जुडगा, गल्लीत आरोळी. दुपारची वेळ साधून यायची, गडीमाणसं रानात नाहीतर कामावर गेलेली असताना. मला वाटलं, असतील पोटार्थी, आपल्यासारखीच.

जळोचीचे म्हाकूआबा माझ्याकडं आले तेव्हा आषाढ सरत आला होता. त्यांच्या घरच्या कपाटाचं कुलूप अडायला लागलं होतं. “म्हातारी दिसभर किल्लीसंगं झटती, तात्या. यिऊन जावा एकदा.” मी म्हणालो, “इंदापूरचा बाजार करतो आन् येतो, आबा.” आबांना कमी ऐकू यायचं. त्यामुळं हे बोलणं आम्ही अर्ध्या स्टँडला कळेल अशा आवाजात केलं. टपरीपाशी कोण कोण उभं होतं ते मला आज आठवत नाही. त्या वेळी बघितलंही नव्हतं.

आबांचं घर आमच्यासारखंच, मेंढरं मोडून शेतीला लागलेलं. मेंढरं विकली तेव्हा आलेल्या पैशात त्यांच्या बायकोनं, साळूबाईंनी, स्वतःसाठी बोरमाळ केली. ‘म्हातारीनं आख्खा कळप गळ्यात घातला’ अशी आबा चेष्टा करायचे. साळूबाई हसायच्या, पण बोरमाळेला हात लावताना मऊ व्हायच्या. लहानपणापासून त्या मेंढरांमागं हिंडलेल्या. ती बोरमाळ कपाटातल्या चोरकप्प्यात असायची. मुलगा दत्ता टेम्पोवर ड्रायव्हर. सून मंगल, डाळजची. बोलकी पोरगी होती. मागं एकदा त्यांच्या दाराच्या कुलपाचं काम केलं तेव्हा तिनं पहिला फेर दिला होता आणि ‘सगळं हाय’ म्हणायच्या ऐवजी खो-खो हसली होती.

इंदापूरहून मी आलो तो अंगात ताप घेऊनच. अंथरुणातून उठून जळोचीला जाईपर्यंत नागपंचमी उलटून गेली. दारात साळूबाई धान्य निवडत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, “आता कशापायी आलायसा? काम झालं की.”

“कुणी केलं?”

“तुमच्याच माणसानं. तात्यांनी पाठवलंय म्हणला. आमी रानात हुतो, मंगल हुती घरात. तिनं करून घितलं.”

“साळूबाई, माझ्याकडं माणूसच न्हाय.”

त्यांच्या हातातलं सूप थांबलं. मी विचारलं, “त्यानंतर कपाट उघडून बघितलंय का?”

“न्हाय. त्येल घातलंय, मुरूस्तोवर आठ-धा दिस उघडू नका म्हणून सांगून गेला. मलाबी म्हातारीला पंचमीचं कुठं नटायचं हुतं.”

तेल हा शब्द ऐकला आणि मी पिशवी खाली ठेवली. “आत्ताच्या आत्ता उघडा,” मी म्हणालो. त्या आत गेल्या, मी मागं गेलो आणि सवयीनं भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. किल्ली फिरल्याचा आवाज आला. दार कुरकुरलं. साड्या वरखाली झाल्याचं कळलं. चोरकप्प्याची किल्ली त्याच कपाटात साड्यांच्या घडीखाली असते. बहुतेक घरांत ती तिथंच असते, हे मला माहीत आहे तसं त्यालाही माहीत होतं. चोरकप्पा उघडला. मी ‘सगळं हाय’ या शब्दांची वाट बघत होतो. ते आलेच नाहीत. बऱ्याच वेळानं साळूबाईंचा आवाज आला. माझ्याशी नव्हत्या बोलत, स्वतःशीच बोलत होत्या.

“पंचमीला म्हायेरला गेली ती. भाव न्याय आलता.”

त्या एका वाक्यात सगळा निकाल लागून गेला. मी तिथल्या तिथं म्हणालो, “अवो, असलं मनात आणू नका, ह्ये त्या माणसाचं काम हाय.” पण माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. आबा आणि दत्ता पोलीस चौकीवर गेले. तिथल्या जमादारानं विचारलं, दार तुटलंय का, कुलूप तुटलंय का, कपाटाला ओरखडा तरी आहे का? यातलं काहीच नव्हतं. “मग आधी घरात इचारा,” जमादार म्हणाला. हे वाक्य घेऊनच दोघं घरी आले.

मंगलला डाळजहून आणलं. भावकीतली चार माणसं बसली, मलाही बोलावलं. ती चौकटीला धरून उभी राहिली आणि जे झालं ते सांगितलं. “मी समोरच हुते. त्यो म्हणला, ताई, ह्यी किल्ली चुलीवर चांगली तापवून आणा. मी म्हणलं, तुमच्याकडं दिवा न्हाय व्हय, तात्या तर दिव्यावर धरत्यात. त्यो म्हणला, तात्यांचा दिवा तात्यांपाशी, मला चुलीवरच लागती. म्हणून आत गेले. चूल पेटलीच हुती, तवा म्हणलं माणूस घरात काम करतोय, घोटभर च्या टाकावा. म्हणून आदण ठेवलं.” पुढं म्हणाली, “पहिला फेर घरच्या माणसानं द्यायचा असतो, त्येबी मी बोलले त्याला. त्यो म्हणला, द्या की ताई. पर आज न्हाय, त्येल मुरल्याव.”

त्या माणसानं एकही गोष्ट स्वतःची आणली नव्हती. काळी किल्ली माझी, पहिला फेर माझा, नाव माझं. फक्त माझा दिवा त्यानं चुलीपाशी नेला आणि माझा फेर आठ-दहा दिवस पुढं ढकलला. आणि चहा तर कुणी सांगायचीही गरज नव्हती. आमच्याकडं दारी आलेल्या कासारापासून वायरमनपर्यंत कुणालाही कोरड्या तोंडानं पाठवत नाहीत. त्या दुपारी मंगलच्या जागी कुणीही असतं तरी चहा टाकायला आत गेलं असतं. साळूबाई असत्या तर त्याही गेल्या असत्या.

पोरगी चुलीपाशी गेली तेवढ्यात त्यानं कपाटातली बोरमाळ काढली, हे मी उलगडून सांगितलं. तापवलेली किल्ली मऊ पडते, वाकते, म्हणून खरा किल्लीवाला ती कधी चुलीत घालत नाही. तेल खरा माणूस घालत नाही. उघडू नका असं तर मुळीच सांगत नाही, उलट उघडून बघा म्हणतो. लोक शांतपणे ऐकत होते. मला वाटलं, पटतंय. तेवढ्यात साळूबाई म्हणाल्या, “तात्या, किल्ली तुमीबी काळी करता, त्येनंबी केली. घरच्याच्या हातात तुमीबी देता, त्येनंबी दिली. फरक काय सांगताय मला? एक दिवा आन् एक चूल?”

भावकीतला वडीलधारा माणूस हळू आवाजात म्हणाला, “तुमचं खरं आसंल, तात्या. पर त्यो माणूस आमी कुणी बघितला न्हाय. बघितला तिनं एकटीनंच.” दत्ता पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता. मंगल त्याच्याकडं बघत होती आणि तो काही मान वर करत नव्हता. साळूबाई तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. “एकदा मेंढरं इकून गेली,” त्या म्हणाल्या. “आता ही अशी गेली.” त्यांचा राग करावा असं मनात आलं तरी मला तो करता आला नाही.

मंगल डाळजला परत गेली ती आपली पिशवी घेऊन.

मी त्या माणसाच्या मागं लागलो. तो सापडला तर पोरगी सुटेल, एवढंच डोक्यात होतं. इंदापूरच्या बाजारात चौकशी केली. चाचा तोवर वारले होते, नाहीतर त्यांनी कुठून तरी माग काढला असता. कुणी म्हणालं, भिगवणच्या बाजूला दिसला होता. कुणी म्हणालं, तशी चार माणसं फिरतात, तुम्ही कितव्याला शोधताय? माणूस सापडला नाही. पण इंदापुरातच एका घरात अगदी असंच झाल्याचं कानावर आलं. नोकरदार माणसांचं घर, दाराला जाळी, अंगणात झाडं लावलेली. तिथल्या बाईंनी जाळीतूनच माझं ऐकून घेतलं. किल्ली तापवायला सांगितली का, विचारलं. हो म्हणाल्या. तेल? तेही. आठ-दहा दिवस उघडू नका म्हणाला? त्यांनी मान खाली घातली.

मला इतका आनंद झाला की मी हातच जोडले. म्हणालो, “बाई, एकदा जळोचीला चला. चलत नसाल तर मी त्या पोरीच्या नवऱ्याला घिऊन येतो. त्याला एवढंच सांगा, की तुमच्याकडंबी असाच माणूस आला हुता.”

बाई म्हणाल्या, “नको हो. आम्ही भांड्यांच्या बाईवर आळ घेतला आणि तिला काढून टाकलं. गल्लीत सगळ्यांना सांगितलंसुद्धा. आता कुठल्या तोंडानं म्हणू की ती नव्हती?”

“अवो, पण ती नव्हतीच ना?”

“नव्हती,” त्या म्हणाल्या आणि आतलं दार लावून घेतलं. कडी घातल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला.

मी दत्ताला स्टँडवर गाठून हे सांगितलं. तो म्हणाला, “बघू.” मी म्हणालो, “बघू काय? बायको हाय तुझी.” तो म्हणाला, “तात्या, आईला कोण सांगणार?” टेम्पोत बसला आणि निघून गेला. चोर एका दुपारी येऊन गेला होता. त्यानंतरचं सगळं घरच्या माणसांनी केलं, आणि ते त्यांना उलटं करता येईना.

तेव्हा मी एक पत्र्याची पाटी रंगवून घेतली आणि टपरीला टांगली. ‘माझा माणूस कुणाच्या घरी येत नाही. किल्लीवाल्यासमोरून उठू नका. त्याच्यासाठी चहा करू नका. काम झाल्याबरोबर कपाट उघडून बघा.’ स्टँडवर थांबलेले लोक ती वाचायचे. त्यानंतर मी कुणाच्या घरी कामाला गेलो की बाई समोर पाट टाकून बसायची आणि माझ्या बोटांकडं बघत राहायची. याआधी कामात बोलणं व्हायचं, कुणाच्या लेकीचं जमलं, कुणाची म्हैस व्याली. आता कानशीचा आवाज तेवढा. माझंच सांगणं होतं, तक्रार कुणाकडं करणार? पण कानस चालवताना समोरून कुणी हातांवर नजर रोखून बसलं की आपल्यालाच आपल्या हातांचा संशय यायला लागतो. हे मी कुणाला बोललो नाही, आज लिहितो आहे.

दिवाळीच्या आगेमागे मंगलला परत आणल्याचं कळलं. तिच्या मामानं मध्यस्थी केली होती. मला फार बरं वाटलं. वाटलं, उशिरा का होईना पटलं.

मग आबा टपरीवर आले. या वेळी ते माझ्या कानाशी लागून बोलले. पण कमी ऐकू येणारा माणूस हळू बोलायला गेला तरी ते अर्ध्या स्टँडला ऐकू जातं. “कपाटाला नवं कुलूप घालायचंय, तात्या. किल्ली एकच पायजे. दुसरी असली तर मोडून टाका म्हणती म्हातारी.”

“का? एक साळूबाईंकडं, एक सूनबाईकडं नको?”

आबा माझ्याकडं बघत राहिले. त्यांना ऐकू आलं नाही की आलं, ते मला कळलं नाही.

त्याच दुपारी गेलो. आबा मला दारात सोडून रानात गेले, साळूबाई आधीच रानात होत्या. घरात मंगल एकटी. वाळली होती. तिनं पाट मांडला, त्यावर बसली आणि माझ्या हाताशी पाण्याचा भरलेला तांब्या ठेवला. आधीच भरून ठेवला होता, म्हणजे मी पाणी मागितलं तरी तिला उठायला लागू नये. मी काहीतरी बोलावं म्हणून विचारलं, “डाळजला सगळी बरी हायती का?” ती “हायती” म्हणाली. जुनं कुलूप सोडवलं, नवं बसवलं. ती माझ्या हातांवरून नजर काढेना. शेवटी मला राहवलं नाही.

“पोरी, माझ्यापाशी तरी अशी बसू नको गं. मी तुला वळखतो की.”

“मीबी तुमाला वळखते, तात्या,” ती म्हणाली. “पर तुमीच लिवलंय नव्हं पाटीवर. समोरनं उठू नका म्हणून.”

मी मान खाली घालून काम संपवलं. कुलपाबरोबरची दुसरी किल्ली पकडीत धरून मोडली आणि तुकडे तिला दिसतील असे पाटासमोर ठेवले. शाबूत किल्ली हातात घेतली, भिंतीकडं तोंड केलं आणि हात मागं करून किल्ली धरली, आयुष्यभर धरत आलो तशी. म्हणालो, “घे, पोरी. पहिला फेर दे.”

माझ्या हातातली किल्ली कुणी घेईना. मला वाटलं तिला दिसली नाही. मी हात आणखी मागं नेला.

“ठेवा तितंच, तात्या,” मंगल म्हणाली. “फेर घरच्या माणसानं द्यायचा असतो. आत्याबाई येत्याल आता रानातनं.”

तिच्या आवाजात रडणं नव्हतं, टोमणाही नव्हता. नळाला पाणी आलं, असं सांगावं तसं तिनं सांगितलं. मी किल्ली कपाटाच्या पायाशी ठेवली. साळूबाई यायच्या होत्या, तोवर आम्ही दोघं तसेच बसून राहिलो, ती माझ्या पाठीकडं बघत आणि मी भिंतीकडं. वळून तिच्या तोंडाकडं बघायचं मला धाडस झालं नाही.